उंदराला मारलं नाही, वाहन केलं

(मोरगाव येथील माघी उत्सवातील पूर्वरंगाच्या निरूपणावरून)

श्रोतेहो, मायबापहो, मोरयाच्या दारात आज आपण सगळे जमलो आहोत. कुणी अष्टविनायकाची यात्रा इथून सुरू करायला आलं आहे. कुणी आठही गणपती करून यात्रा पुरी करायला पुन्हा इथे आलं आहे. कुणी चिंचवडहून मोरया गोसावींच्या पालखीबरोबर चालत आलं आहे. प्रत्येकाने येताना काही ना काही बरोबर आणलं. दूर्वा आणल्या, नारळ आणला. आणि एक गाठोडं न आणताच बरोबर आलं, ते म्हणजे मन. चपला देवळाबाहेर काढता येतात, मन काढून ठेवता येत नाही. ते थेट गाभाऱ्यापर्यंत येतं आणि देवासमोर उभं राहून विचारतं, गाडी नीट लावली का? घरची मोटर बंद केली का? पोराच्या फीचं काय करायचं?

आज निरूपणाला विषय घेतला आहे तो या मनाचाच. हल्ली मानसोपचार करणारे डॉक्टर आणि समुपदेशक एक शब्द फार वापरतात, माइंडफुलनेस. मराठीत त्याला कुणी सजगता म्हणतं, कुणी साक्षीभाव म्हणतं. आपल्या घरातला साधा शब्द आहे, भान. पोरगं जेवताना भलतीकडे बघत बसलं की आई म्हणते ना, "अरे, भानावर ये", तेच हे भान. ते म्हणजे नेमकं काय, दवाखान्यात त्याचा उपयोग कसा होतो आणि कुठे होत नाही, अशा तीन गोष्टी पाहायच्या आहेत. तिसरी नीट ऐका, कारण तिथे गफलत झाली तर घरातलं माणूस हातचं जातं.

आधी एक जुनी गोष्ट. वैद्याने रोग्याला पुडी दिली आणि सांगितलं, "पथ्य एकच. औषध घेताना माकड आठवायचं नाही." झालं! त्या बिचाऱ्याने जन्मात कधी माकडाचा विचार केला नव्हता. आता पुडी हातात घेतली की माकड हजर! ही गोष्ट आपल्या आजोबांनीही ऐकलेली. पण १९८७ साली अमेरिकेतल्या डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने हाच प्रकार रीतसर प्रयोग करून पाहिला. त्याने माकडाऐवजी पांढरं अस्वल घेतलं. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा ज्यांनी तो आधी दाबला होता त्यांच्या मनात तो जास्तच उसळला.

म्हणजे मनाला दाबून मन शांत होत नाही. "विचार करू नकोस" असं आपण दुःखी माणसाला किती सहज सांगतो! ते त्याला माकड आठवू नको म्हणण्यासारखंच आहे.

मग करायचं काय? आपल्या देवाकडे बघा. उंदीर कसा असतो? एका जागी ठरत नाही. अंधारात कुरतडतो. कणगीत शिरला की खातो थोडं आणि नासतो जास्त. मनाचं तसंच आहे. रात्री दोन वाजता जाग येते आणि दहा वर्षांपूर्वी भावकीत कोण काय बोललं ते कुरतडत बसतं. गणपतीने या उंदराचं काय केलं? मारलं नाही, हाकलूनही दिलं नाही. त्याला पायाशी घेतलं आणि वाहन केलं. वाहन केलं म्हणजे आपण त्याच्यावर बसायचं, त्याला आपल्यावर बसू द्यायचं नाही.

कुणी म्हणेल, "बुवा, पण मोरयाने असुर मारले की!" खरं आहे. इथला देव मयूरेश्वर. मोरावर बसून त्याने सिंधू दैत्याचा वध केला, ही कथा गणेशपुराणात आहे. पण गाणपत्यांचा दुसरा मोठा ग्रंथ आहे मुद्गलपुराण. त्यात देवाचे आठ अवतार आहेत आणि प्रत्येकासमोर एक असुर आहे. नावं ऐका. वक्रतुंडासमोर मत्सरासुर, एकदंतासमोर मदासुर, महोदरासमोर मोहासुर, गजाननासमोर लोभासुर, लंबोदरासमोर क्रोधासुर, विकटासमोर कामासुर, विघ्नराजासमोर ममासुर आणि धूम्रवर्णासमोर अभिमानासुर. आता सांगा, हे असुर कुठल्या गावचे? यातला एकही बाहेरचा नाही. सगळे आपल्याच घरी मुक्कामाला. आणि शेवटी त्यांचं काय होतं? ते देवाला शरण येतात. देव त्यांना अभय देतो आणि मर्यादा घालून देतो, की जिथे माझं स्मरण आहे तिथे धिंगाणा घालायचा नाही. बाहेरचा सिंधू मारला गेला. आतल्यांना मात्र मारलं नाही, आवरलं.

त्यासाठी आधी काय केलं? त्यांना नावानिशी ओळखलं. राग आला की आपण म्हणतो, "तो हलकट आहे." म्हणजे आपण त्या माणसाकडे बघतो. आत आलेल्या क्रोधासुराकडे बघतच नाही. "माझ्या मनात राग आलाय, छाती धडधडते आहे, कान तापलेत" एवढं स्वतःशी म्हणून बघा. अमेरिकेत मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हेच तपासलं. लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली आणि त्या वेळी मेंदूचं चित्रण केलं. ज्या वेळी त्यांनी चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं, त्या वेळी मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग थंडावलेला दिसला. नाव घेतल्याने नाम्याचा जोर कमी होतो, हे मुद्गलपुराण वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आणखी एक बघा. समर्थांचे मनाचे श्लोक लहानपणी आपण सगळ्यांनी म्हटले आहेत. दोनशे पाच श्लोक. त्यात समर्थ बोलतात कुणाशी? मनाशी. त्याला हाक मारून बोलतात. ज्याला हाक मारता येते तो माझ्यापासून वेगळा असला पाहिजे ना? मी माझ्याच हाताला "अहो हात" म्हणत नाही! मनाला हाक मारली त्या क्षणी मी मनाच्या एक पाऊल मागे आलो. "माझं सगळं संपलं" हा विचार आला, की आपण त्यात बुडून जातो. "माझं सगळं संपलं, असा एक विचार मनात आला आहे" असं म्हटलं, की आपण काठावर उभे राहतो. पाणी तेच, पण बुडणारा वेगळा आणि काठावरून बघणारा वेगळा. मानसोपचारात भान शिकवतात ते नेमकं हे. आत्ता जे चाललं आहे त्याच्याकडे मुद्दाम लक्ष द्यायचं, आणि ते चांगलं की वाईट हा निवाडा जरा बाजूला ठेवायचा.

आता देवळातून दवाखान्यात जाऊ. तिथे जायचा एक रस्ता आपल्या महाराष्ट्रातूनच जातो.

सत्यनारायण गोएंका हे नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. १९२४ साली ब्रह्मदेशातल्या मंडालेत जन्मलेले, मारवाडी व्यापारी घराण्यातले. अर्धशिशीने इतके बेजार, की मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले. १९६९ साली भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. दहा दिवस मौन. आधी नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा, मग डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना बघायच्या. खाज आली तर बघायची, कळ आली तर बघायची. वाढते, थांबते, जाते. एवढंच.

त्याच सुमाराला अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी एक वर्ग काढला. तिथे येणारे कोण? जुनी पाठदुखी, अंगदुखी असलेले, डॉक्टरांनी "आणखी काही करण्यासारखं नाही" असं सांगितलेले रोगी. आठ आठवड्यांचा वर्ग, आठवड्याला एक बैठक, आणि घरी रोजचा अभ्यास. श्वास बघणं, आडवं पडून अंगावरून लक्ष फिरवणं, हळू चालणं. पहिल्या दिवशी काय करायला देतात माहीत आहे? एक बेदाणा. तो बघायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि अगदी हळू चावायचा. आपण मुठीने प्रसाद तोंडात टाकतो आणि कशाचा होता ते विचारलं तर आठवत नाही!

दुखणं गेलं का मग? पुष्कळांचं दुखणं राहिलं, पण त्याचं ओझं हलकं झालं. ते कसं, तर गुडघा दुखतो हे एक दुखणं. "आता मी कायमची अधू झाले, सुनेवर भार झाले, पुढच्या वर्षी मोरयाचं दर्शनही व्हायचं नाही" हे त्याच्यावर चढवलेलं दुसरं दुखणं. पहिलं गुडघ्यात असतं, दुसरं मनात तयार होतं. भानाचा उपाय चालतो तो मुख्यतः दुसऱ्यावर.

पुढे झिंडल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल या तिघांनी याला उदासीच्या आजाराच्या उपचाराची जोड दिली. उदासीचा आजार, ज्याला डिप्रेशन म्हणतात, तो बरा होतो, पण पुष्कळदा उलटतो. उलटतो कसा? एखाद्या दिवशी थोडं उदास वाटतं. लगेच मन जुन्या गाडीवाटेने चालू लागतं, की परत तेच झालं, मी निकामीच आहे. चाकं जुन्या चाकोरीत पडली की गाडी आपोआप खड्ड्यापर्यंत जाते. पहिल्याच वळणावर "अरे, ही जुनी चाकोरी" एवढं भान आलं, तर गाडी वळवता येते. २००० साली त्यांनी १४५ जणांवर केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तीन किंवा जास्त वेळा हा आजार होऊन गेलेल्यांत, नेहमीचे उपचार घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे ६६ जणांचा आजार साधारण वर्षभरात उलटला. ज्यांना हा अभ्यासही शिकवला, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ४० वर आलं. पण दोनदाच आजार झालेल्यांना त्या पाहणीत असा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. शास्त्र असं असावं.

व्यसनाचंही सांगतो. ॲलन मार्लेट या मानसशास्त्रज्ञाने तलफेला लाटेची उपमा दिली. तंबाखूची, दारूची तलफ उठते, चढते, आणि आपण तिच्यासाठी धावलो नाही तरी काही वेळाने आपोआप उतरते. लाटेशी कुस्ती करायची नाही, तिच्यावर तरंगत राहायचं. सिएटलजवळच्या एका तुरुंगात गोएंकांच्या पद्धतीची दहा दिवसांची शिबिरं झाली. मार्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कैद्यांची पाहणी करून २००६ साली लिहिलं, की सुटल्यानंतर तीन महिन्यांनी शिबिर केलेल्यांचं दारू आणि इतर नशेचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कमी होतं. इगतपुरीला जी रीत शिकवतात, ती कुठे जाऊन पोचली बघा.

आता तुम्ही म्हणाल, "बुवा, आम्ही काय करायचं? आम्हाला दहा दिवस कुठले!" काही नको. आज दर्शनाच्या रांगेत करा. एक, तळपाय. अनवाणी पायाखालची फरशी थंड आहे की तापलेली, खरखरीत की गुळगुळीत, ते बघा. दोन, श्वास. लांब करायचा नाही, रोखायचा नाही, येतो-जातो तेवढा पाच वेळा बघा. तीन, कान. घंटा वाजली की तिचा नाद कुठपर्यंत ऐकू येतो ते ऐका. चार, दूर्वा. एकवीस वाहायच्या असतील तर एकेक वाहा. नवव्या दूर्वेला मन गाडीच्या चावीकडे जाणार. जाऊ द्या. चिडू नका. "मन गेलं बरं का" म्हणा आणि दहाव्या दूर्वेवर या. श्रोतेहो, सगळा अभ्यास या परत येण्यात आहे. मन गेलं म्हणून साधना बिघडली असं समजू नका. ते दहा वेळा गेलं आणि दहा वेळा आणलं, तर दहा जोर निघाले समजा. पाच, प्रसाद. पहिला घास तरी बोलणं थांबवून, चव घेऊन खा.

मन जातंच. योगसूत्रांच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत, क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. थेऊरच्या चिंतामणीचा अर्थ गाणपत्य असा लावतात, की या पाचही भूमींना प्रकाश देणारा तो चिंतामणी. पाचही, बरं का! मन एकाग्र असताना तो आहे, आणि मन सैरावैरा धावताना तो नाही, असं नाही. म्हणून मन भटकलं की स्वतःला शिव्या देऊ नका.

आता तिसरी गोष्ट. इथे मी हात जोडून सांगतो.

आपला हा पट्टा जिराईत. पाऊस हुकला की पेरणी हुकते, पेरणी हुकली की सोसायटीचं कर्ज डोक्यावर बसतं. अशा घरातला एखादा कर्ता माणूस बोलेनासा होतो. जेवण जात नाही, झोप येत नाही, ज्यात रमायचा त्यात रमत नाही. पंधरा दिवस झाले, महिना झाला. घरचे म्हणतात, "आळशी झालाय." पाहुणे म्हणतात, "देवाचं कर, ध्यान लाव, सगळं ठीक होईल." मायबापहो, हा आजार आहे. ज्याचा पाय मोडला त्याला आपण "प्रदक्षिणा घाल, म्हणजे पाय बरा होईल" असं म्हणत नाही. आधी हाड बसवतो, मग प्रदक्षिणा. ऐन आजारात बुडालेल्या माणसाला एकटं डोळे मिटून बसवलं, तर कधी कधी तो विचारांच्या भोवऱ्यात आणखी खोल जातो. ज्याला भास होतात, कानात आवाज येतात, ज्याच्यावर मोठा आघात झाला आहे, त्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबलचक ध्यान करूच नये. विपश्यनेची शिबिरं घेणारेही सांगतात, की गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी हे शिबिर म्हणजे उपचार नव्हे.

आणि गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. २०१५ साली इंग्लंडात ४२४ जणांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. एका गटाने गोळ्या चालू ठेवल्या. दुसऱ्याने भानाचा अभ्यास शिकत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या हळूहळू कमी केल्या. दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण पहिल्या गटात शंभरात ४७ आणि दुसऱ्यात ४४, म्हणजे जवळपास सारखंच. याचा अर्थ असा, की हा अभ्यास काहींना गोळीच्या बरोबरीने आधार देऊ शकतो. गोळी फेकून द्या असा त्याचा अर्थ नाही. २०१४ साली सत्तेचाळीस पाहण्या एकत्र करून तपासल्या, तेव्हाही हेच निघालं. चिंता, उदासी, वेदना यांत ध्यानाचा थोडा ते मध्यम फायदा आहे, पण औषध किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ते वरचढ आहे, असं दिसलं नाही.

"मग देव की डॉक्टर?" हा प्रश्नच खोटा आहे. चरकाचार्यांनी उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. दैवव्यपाश्रय, म्हणजे मंत्र, जप, उपवास, देवाचा आश्रय. युक्तिव्यपाश्रय, म्हणजे आहार आणि औषध. आणि सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितापासून आवरणं. तिन्ही एका ओळीत बसवले आहेत. एकाच्या नावावर दुसरा बंद करा, असं ते म्हणत नाहीत. मोरयाचं नाव घ्या, डॉक्टरांची गोळी घ्या, आणि मनाकडे बघायला शिका.

घरात असं कुणी असेल तर त्याच्या शेजारी बसा. उपदेश नको. "तुला कसं वाटतंय?" एवढं विचारा आणि ऐका. जगण्याचा कंटाळा आल्याचं तो बोलला, तर विषय बदलू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट आत कोंडलेलं बाहेर येतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं हाताला लागणार नाहीत अशी ठेवा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक आहे १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री चालते, मराठीत बोलता येतं. खिशातल्या पंचांगावर आजच लिहून ठेवा.

या देवळासमोर नंदी आहे, शंकराच्या देवळात असावा तसा. सांगतात, की हा नंदी एका शिवमंदिराकडे गाड्यातून चालला होता. इथे गाडा मोडला आणि नंदी जागचा हलेना. तेव्हापासून तो मोरयाकडे बघत बसला आहे. दुखावलेल्या माणसाजवळ आपणही असंच बसावं. आपला गाडा मोडला, तर मनाजवळही थोडं बसावं. बघावं, ओळखावं, आणि मदतीला हाक मारावी.

बोला, मंगलमूर्ती मोरया!